एकाच बॅटरीत बाप आणि लेक: १९१६ साली हे घडलं कसं?

फ्रान्सच्या सोम भागात आल्बेर गावाजवळ बेकोर्देल-बेकूर नावाचं खेडं आहे. तिथल्या डार्टमूर सिमेट्रीत दोन थडगी अगदी शेजारी-शेजारी आहेत. एक सार्जंट जॉर्ज ली याचं, वय ४४. दुसरं कार्पोरल रॉबर्ट फ्रेडरिक ली याचं, वय १९. दोघांची तुकडी एकच, रॉयल फील्ड आर्टिलरी या ब्रिटिश तोफखान्याच्या १५६व्या ब्रिगेडची 'ए' बॅटरी, म्हणजे तोफांची एक छोटी तुकडी. मृत्यूची तारीखही एकच, ५ सप्टेंबर १९१६. हे बाप-लेक.

ही गोष्ट सांगितली की ऐकणारा हळहळतो आणि विषय तिथेच संपतो. खरे प्रश्न त्यापुढचे आहेत. चव्वेचाळिशीचा माणूस आघाडीवर कसा पोचला? बाप आणि मुलगा एकाच बॅटरीत असायला सैन्याची हरकत नव्हती का? आणि दोघे एकाच दिवशी गेले, हा निव्वळ योगायोग म्हणायचा का? यातल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं भरतीच्या पद्धतीत आहेत. तिसऱ्याचं उत्तर तोफेभोवती माणसं कुठे उभी राहत, यात सापडतं.

भरतीच मोहल्ल्याची होती

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती नव्हती. युद्धमंत्री किचनर यांना लाखो माणसं हवी होती आणि तेवढ्यांना उतरवून घ्यायला सरकारी यंत्रणा पुरी पडत नव्हती. म्हणून महापौर, स्थानिक समित्या, मोठे जमीनदार यांना सांगण्यात आलं की तुम्हीच तुकड्या उभ्या करा. सुरुवातीचा राहण्या-खाण्याचा आणि कपड्यांचा खर्च उभा करणाऱ्याने करायचा, तयार तुकडी नंतर युद्धखातं ताब्यात घेणार. त्याबदल्यात भरती होणाऱ्यांना वचन मिळायचं की तुम्ही एकत्र आलात तर एकत्रच राहाल. लँकेशायर-यॉर्कशायरच्या गिरणी-गावांतून अशा पायदळी पलटणी निघाल्या. दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेलमध्ये तिथल्या महापौरांनी १९१५ च्या सुरुवातीला तोफखाना उभा केला. १५६वी ब्रिगेड त्यातलीच. ती ३३व्या डिव्हिजनला जोडली गेली आणि १९१५ च्या अखेरीस फ्रान्सला पोचली.

इथे एक खुलासा करून टाकू, कारण आपल्याकडच्या वाचकांचा हमखास गोंधळ होतो. त्या काळच्या ब्रिटिश तोफखान्यातली 'ब्रिगेड' म्हणजे तीन-चार बॅटऱ्या आणि सात-आठशे माणसं. पायदळाच्या ब्रिगेडपेक्षा ती कितीतरी लहान. आज भारतीय सैन्यात जिला तोफखान्याची रेजिमेंट म्हणतात, साधारण तेवढी. आणि बॅटरी म्हणजे त्या वेळी चार तोफा, त्यांचे घोडे, गाडे आणि दीड-दोनशे माणसं. गावातल्या एखाद्या वाडीएवढीच ही वस्ती, त्यामुळे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखायचा.

अशा भरतीत एकाच घरातली दोन माणसं एकाच बॅटरीत जाणं ही अपवादाची गोष्ट नव्हती. तो पद्धतीचाच परिणाम होता. भरती केंद्र घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि ते माणसं घेत होतं एकाच तुकडीसाठी. भाऊ-भाऊ तर सर्रास असत. शिवाय ब्रिटिश सैन्यात जुना रिवाज होता की मोठा भाऊ धाकट्याला आपल्या रेजिमेंटमध्ये मागून घेऊ शकतो. म्हणजे कुटुंबाने एकत्र नोकरी करणं सैन्याला मान्यच होतं, उलट त्यात फायदा दिसत होता: नातेवाईक शेजारी असेल तर माणूस पळून जाणार नाही, बेशिस्त वागणार नाही, हा हिशोब.

आता वयाचं. १९१४ च्या शरद ऋतूत साध्या उमेदवाराची कमाल मर्यादा ३५ होती, मे १९१५ मध्ये ती ४० केली. पूर्वी सैन्यात नोकरी केलेल्यांना ४५ पर्यंत आणि निवडक जुन्या सार्जंट-कार्पोरलांना ५० पर्यंत सवलत होती. खालच्या टोकाला, भरती १८ व्या वर्षी होत असे पण परदेशी पाठवायला १९ पूर्ण लागत. जॉर्ज ली सप्टेंबर १९१६ मध्ये ४४ चा, म्हणजे १९१५ मध्ये ४२-४३ चा. साध्या उमेदवाराच्या मर्यादेत तो बसत नाही. त्या वयाच्या माणसाला दोनच वाटा होत्या: जुनी नोकरी दाखवायची किंवा वय कमी सांगायचं. रॉबर्टचं वय दुसऱ्या टोकाला टेकलेलं. जन्माचा दाखला कोणी मागत नव्हतं, डॉक्टरला माणूस धडधाकट दिसला की काम झालं. त्यामुळे खोटं वय सांगणारे दोन्ही बाजूंना भरपूर होते. पोरं वाढवून सांगत, बाप कमी करून.

वयाच्या बाबतीत ढील किती होती याचा नमुना याच सिमेट्रीत आहे. लेफ्टनंट हेन्री वेबर, सातव्या साउथ लँकेशायरचा वाहतूक अधिकारी, २१ जुलै १९१६ रोजी तोफगोळ्याने जखमी होऊन मेला तेव्हा ६७ वर्षांचा होता. त्याचे तीन मुलगे त्याच युद्धात अधिकारी होते, आणि तिघेही त्याच्यापेक्षा वरच्या हुद्द्यावर.

तोफेभोवती सहा माणसं

'ए' बॅटरीची तोफ होती १८-पाउंडर. नळीचा व्यास ३.३ इंच म्हणजे ८४ मिलिमीटर, गोळ्याचं वजन सुमारे ८.४ किलो, पल्ला सुरुवातीच्या नमुन्यात जवळपास ६ किलोमीटर. तोफेचं वजन साधारण पावणेतेरा क्विंटल. ती ओढायला सहा घोडे, जोडी-जोडीने तीन रांगांत. प्रत्येक जोडीतल्या डाव्या घोड्यावर एक ड्रायव्हर बसलेला. तोफ थेट घोड्यांना जुंपत नसत. मध्ये दोन चाकांचा लिंबर असे, त्यात २४ गोळे.

एका तोफेची तुकडी म्हणजे दहा माणसं, पण प्रत्यक्ष मारा करताना तोफेवर सहा. बाकीचे बदली म्हणून किंवा दारूगोळा आणायला. प्रत्येकाला नाव नव्हे, नंबर. नंबर एक हा सार्जंट: तोफेचा मालक तोच, हुकूम तोच देणार, दिशा तोच पाहणार. नंबर दोन उजवीकडे बसून तोफेचं मागचं दार, म्हणजे ब्रीच, उघडणार-मिटणार. नंबर तीन डावीकडे बसून दुर्बिणीतून नेम धरणार आणि दोरी ओढणार. नंबर चार गोळा आत सारणार. पाच आणि सहा गोळे काढून त्यांच्या टोकाचा फ्यूज, म्हणजे गोळा कधी फुटायचा ते ठरवणारा भाग, ठरलेल्या आकड्यावर फिरवून पुढे देणार. गोळा आणि दारूचं पितळी काडतूस एकत्रच जोडलेलं असल्याने भरणं एका झटक्यात व्हायचं. कसलेली तुकडी काही क्षण मिनिटाला वीसपर्यंत गोळे टाकू शकत असे. तासन् तास मारा करायचा तर वेग मिनिटाला तीन-चार.

सार्जंटच्या हाताखाली दुसऱ्या क्रमांकावर कार्पोरल. तोफेमागच्या दारूगोळ्याच्या गाड्यांची जबाबदारी त्याची, आणि सार्जंट पडला तर तोफ त्याने हातात घ्यायची. ली बाप-लेकांचे हुद्दे नेमके हे दोन होते.

या सहा जणांनी किती जागा व्यापली? तोफेची ढाल, दोन चाकं आणि मागचा लांब दांडा, एवढ्या अवतीभवती. गोळ्यांचा ढीग हाताला येईल इतका जवळ ठेवावा लागतो, नाहीतर वेग राहत नाही. वर पानांनी किंवा कापडाच्या चिंध्यांनी झाकलेली जाळी, बाजूला मातीच्या पोत्यांची भिंत. थोडक्यात, तीन-चार मीटरच्या वर्तुळात सहा माणसं आणि काही शे किलो दारूगोळा. पोलादी ढाल समोरून येणारी गोळी अडवते. मागे, बाजूला किंवा डोक्यावर फुटलेल्या गोळ्यापुढे ती निरुपयोगी.

पायदळात बाप-लेक एकाच कंपनीत असले तरी हल्ल्याच्या वेळी एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला असू शकतो. तोफेवर ही सोयच नाही. तिथे एक गोळा पडला की तो एका माणसाला शोधत नाही, तोफ पुसून टाकतो.

काय-काय बिघडत असे

सगळ्यात मोठा धोका समोरच्या तोफखान्याचा. जर्मनांकडे १५ सेंटिमीटरची हॉवित्झर, म्हणजे उंच कोनात गोळा टाकणारी तोफ, होती, तिचा गोळा साधारण ४० किलोचा, म्हणजे १८-पाउंडरच्या जवळपास पाचपट, आणि पल्ला साडेआठ किलोमीटरच्या आसपास. गणित सरळ आहे: ती तुम्हाला गाठते, तुम्ही तिला गाठत नाही. बॅटरी सापडायची ती तोफ उडाल्याच्या ठिणगीवरून, आवाज मोजून, विमानातून किंवा निरीक्षणाच्या फुग्यातून. तोफांच्या मागे गाड्यांच्या चाकोऱ्या उमटल्या की वरून त्या स्पष्ट दिसत. म्हणून हुशार बॅटरी कमांडर गाड्यांना तोफांपाशी वळू देत नसे. त्यांनी सरळ पुढे जाऊन भलतीकडे वळायचं, म्हणजे माग भलतीकडे जातो.

दुसरा धोका स्वतःच्याच दारूगोळ्याचा. १९१५-१६ मध्ये कारखान्यांवर इतका ताण होता की गोळे आणि फ्यूज घाईत बनले. काही फुटलेच नाहीत, तर काही नळीतच किंवा तोंडाशी फुटले. नळीत फुटलेला गोळा स्वतःच्याच माणसांना मारतो.

तिसरी भानगड स्प्रिंगची. तोफ उडाली की नळी सुमारे एक मीटर मागे सरकते. तेलाचा दट्ट्या तो धक्का झेलतो आणि नळीवर बसवलेल्या स्प्रिंगा तिला पुन्हा जागेवर आणतात. सोमवरच्या लढाईआधी २४ जूनपासून आठवडाभर ब्रिटिश तोफांनी १५ लाखांहून अधिक गोळे टाकले. त्या माऱ्यात स्प्रिंगा थकल्या, तुटल्या. मग नळी अर्ध्यावर अडकायची आणि माणसांनी खांदा लावून ती पुढे ढकलायची. दर वेळी. तोफ तांत्रिकदृष्ट्या चालू असायची, पण माणसं उघड्यावर आणि वेग अर्ध्याहून कमी.

चौथी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, पण तारखेच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. पायदळ थकलं की डिव्हिजन मागे विश्रांतीला नेत. तोफखाना मात्र बऱ्याचदा तिथेच राहायचा आणि नव्याने आलेल्या डिव्हिजनसाठी मारा करत राहायचा. ३३वी डिव्हिजन जुलै-ऑगस्टमध्ये सोमवरच्या हाय वूड या जंगलासाठी लढली होती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथल्याच गीयमाँ गावाची लढाई चालू होती. सोमवर तोफखान्याला 'संपलं, आता मागे' असं सांगणारा दिवस फार उशिरा यायचा.

बाप वरिष्ठ असला तर

हुद्द्याच्या उतरंडीत बाप सार्जंट आणि मुलगा त्याच्या खाली, हे चित्र वरून सोयीचं दिसतं. व्यवहारात ते अवघड आहे. रोज रात्री सार्जंटला ठरवावं लागतं की तोफेवर कोण थांबणार, गोळे आणायला कोण जाणार, मागच्या तळावर कोणाला पाठवायचं. फील्ड बॅटरीचे घोडे आणि ड्रायव्हर काही किलोमीटर मागे असत, त्याला वॅगन लाइन म्हणत. तिथे रात्री झोप मिळायची, गरम जेवण मिळायचं. पण अंधारात दारूगोळा पुढे आणताना रस्त्यावरच्या चौकांवर गोळे पडायचे, त्यामुळे तीही जागा सुरक्षित नव्हतीच. मुलाला मागे ठेवलं तर बाकीचे आठ जण पाहतात. स्वतःला चोख दाखवायला त्याला आधी पुढे केलं तर अन्याय मुलावर होतो. दोन्हीकडून सार्जंटचा हुकूम पातळ होतो.

समंजस बॅटरी कमांडरकडे एक साधा उपाय होता: एकाला तोफेवर ठेवायचं, दुसऱ्याला वॅगन लाइनवर, किंवा दोघांना वेगळ्या तोफा द्यायच्या. धोका संपत नाही, पण एका गोळ्यात दोघे जाण्याची शक्यता घटते. याला कोणता कायदा लागत नव्हता, फक्त हजेरीपटावर दोन नावं इकडची तिकडे. मात्र माणसं कमी पडली की हाच उपाय पहिल्यांदा मोडायचा, कारण अनुभवी सार्जंट आणि अनुभवी कार्पोरल दोघेही तोफेवरच हवे असत.

घरी काय पोचायचं? अधिकारी मेला तर तार जायची. साध्या सैनिकाच्या आणि सार्जंटच्या घरी टपालाने छापील फॉर्म जायचा, बी १०४-८२. रिकाम्या जागी नंबर, हुद्दा, नाव, तारीख भरलेली. ली कुटुंबाच्या वाट्याला असे दोन फॉर्म. बायकोला मिळणारा भत्ता नवऱ्याच्या मृत्यूनंतर २६ आठवडे चालू राही, मग त्याचं विधवा-पेन्शनमध्ये रूपांतर. युद्धानंतर प्रत्येक मृताच्या घरी सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची कांस्याची थाळी पाठवली गेली. तिच्यावर नाव असे, हुद्दा मुद्दाम कोरलेला नसे.

पुढे काय बदललं

१ जुलै १९१६ ला अॅक्रिंग्टन गावच्या पलटणीतले साधारण ७२० जण हल्ल्याला निघाले आणि त्यातले ५८४ मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. एका सकाळीत एका गावावर एवढं कोसळल्यावर मोहल्ल्याच्या भरतीचं कौतुक टिकणं शक्य नव्हतं. तोवर जानेवारी १९१६ च्या कायद्याने सक्तीची भरतीही आली होती. आता माणूस हवा तिथे पाठवायचा, तो कुठला आहे हे दुय्यम. बाप-लेकांना वेगळं करण्याचा असा काही ठराव झाला नाही. भरतीची पद्धत बदलली आणि जोड्या आपोआप विरळ झाल्या.

अमेरिकेबद्दल मात्र एक गैरसमज घट्ट बसलाय. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरमध्ये 'अॅरिझोना' युद्धनौकेवर ११७७ जण मेले. त्यात थॉमस फ्री आणि त्याचा मुलगा विल्यम ही नौकेवरची एकमेव बाप-लेकांची जोडी होती, आणि भावांच्या कितीतरी जोड्या. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये 'जूनो' ही युद्धनौका बुडाली आणि सलिव्हन घराण्यातले पाच भाऊ गेले. त्यानंतर 'कायद्याने बंदी आली' असं सर्रास लिहिलं जातं. तशी सरसकट बंदी आली नाही. एकत्र नेमणूक मागणारे अर्ज पुढे पाठवू नयेत अशी सूचना नौदलात 'जूनो'च्या आधीच गेलेली होती, आणि १९४८ नंतरच्या तरतुदी आहेत त्या घरातला शेवटचा उरलेला मुलगा वाचवण्यासाठी. ६ जून १९४४ ला फ्रान्सच्या नॉर्मंडीत जनरल थिओडोर रूझवेल्ट ज्युनियर यूटा किनाऱ्यावर आणि त्यांचा मुलगा क्वेंटिन ओमाहा किनाऱ्यावर उतरले, ते वेगवेगळ्या डिव्हिजनमधून.

भारतीय सैन्यात तर घराण्याची रेजिमेंट ही अभिमानाची गोष्ट मानली जाते. डेहराडूनच्या आयएमएत, म्हणजे अधिकारी घडवणाऱ्या लष्करी अकादमीत, वडिलांची पलटण मागून घ्यायची सोय आहे, तिला 'पॅरेंटल क्लेम' म्हणतात. पण बाप आणि लेक एकाच वेळी एकाच पलटणीत दिसणं आज अवघड, कारण शिपाई पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो आणि त्याचा मुलगा त्यानंतर भरतीच्या वयात येतो. १९१४ मध्ये गणित वेगळं होतं. सुभेदार-जमादार पंचवीस-तीस वर्षं नोकरीत राहत. सुट्टीवर आलेला शिपाई गावातून नवी पोरं घेऊन परतायचा, आणि त्यात आपल्याच घरातला असणं अगदी स्वाभाविक. साताऱ्याच्या अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परतले नाहीत, याची नोंद गावातल्या स्मारकावर आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, होत्या आणि २९ एप्रिल १९१६ ला कुतला वेढ्यातून शरण गेल्या.

नातं शोधायचं असेल तर

एकाच आडनावाची दोन नावं शेजारी दिसली म्हणजे ते बाप-लेक असा अर्थ होत नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाका, आणि 'अतिरिक्त माहिती'चा रकाना वाचा. तिथे आई-वडिलांची नावं, पत्ता आणि कधीकधी 'वडीलही या युद्धात कामी आले' असा उल्लेख असतो. मग तारीख, तुकडी आणि थडग्याचा क्रमांक जुळवा. पुढची पायरी म्हणजे लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधली युद्ध-रोजनिशी. तोफखान्याच्या रोजनिशीत अधिकाऱ्यांची नावं येतात, बाकीच्यांचे फक्त आकडे, हे धरून चाला. वैयक्तिक सेवापत्रकं मिळतीलच असं नाही: सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात ती बहुतांश जळाली. ते गोदाम वॉलवर्थमध्ये होतं, कॅम्बरवेलला लागूनच.

मराठा शिपायांच्या बाबतीत अडचण आणखी मोठी. बसरा स्मारकावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत, साध्या शिपायांचे पलटणीनिहाय नुसते आकडे कोरले गेले. नावं आता कमिशनच्या यादीत मिळतात, आणि त्यात 'अमुकचा मुलगा, गाव, तालुका, जिल्हा' अशी नोंद बरेचदा असते. हीच नोंद उपयोगाची. वडिलांचं नाव आणि गाव दोन्ही जुळलं, आणि त्याच नावाचा माणूस त्याच पलटणीत वरच्या हुद्द्यावर सापडला, तर तपास पुढे न्यायला हरकत नाही. फक्त बाबाजी, राणोजी, धोंडी अशी नावं एकेका गावात चार-चार असतात आणि इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या मर्जीवर असायचं, म्हणून गावच्या नावाचीही दोन-तीन स्पेलिंगं टाकून पाहा.